मागवली एफ40, निघालं जत्रेतलं खेळणं

फेरारीच्या छोट्या मॉडेलच्या नादात साडेअकरा हजार गेले. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही, इथे सांगतोय कारण गेल्या आठवड्यात एक मित्र त्याच माणसाला पैसे पाठवायच्या बेतात होता.

फेरारी एफ40 चं वेड मला शाळेपासून. 1987 ला कंपनीला 40 वर्षं झाली म्हणून काढलेली, एन्झो फेरारींनी स्वतः मंजूर केलेली शेवटची गाडी, आणि मागे मधोमध तीन सायलेन्सरची नळकांडी, ती बघितली की बास. खरी काय या जन्मात मिळत नाही, म्हणून 1:18 ची डायकास्ट, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी धातूची प्रतिकृती. बुरागो कंपनीची आहे माझ्याकडे, चांगली आहे, पण डोक्यात होती क्योशो कंपनीची, मागचं झाकण उचललं की इंजिन बघत बसावं अशी, आणि ती आता सहज मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकून फोन ठेवावा लागतो.

तर ही जाहिरात दिसली. 11,500, बॉक्ससकट. माणूस इंदूरचा, बोलायला एकदम गोड, "भैया शादी है घर में, इसलिए निकाल रहा हूँ". फोटो आठ-दहा, सगळे झकास. मी म्हटलं व्हिडिओ कॉल करा, तर म्हणे कॅमेरा खराब आहे. कॅमेरा खराब तर हे फोटो कशाने काढले बाबा, हे मला तेव्हा सुचलं नाही. "अजून दोघं मागे लागलेत" म्हणाला आणि मी लगेच 6,000 यूपीआयने पाठवले.

दुसऱ्या दिवशी कुरियरच्या पावतीचा फोटो आला. ट्रॅकिंग नंबर टाकून बघितला, खरा निघाला, म्हणून उरलेले 5,500 पण दिले. इथेच गंडलो. कारण पावतीवर वजन होतं 380 ग्रॅम. 1:18 ची धातूची गाडी, वर थर्माकोल आणि खोका, किलोच्या आसपास तरी भरायला हवी ना? माझ्या घरातल्या बुरागोचं वजन मी नंतर किराणा दुकानात जाऊन करून आलो, दुकानदार बघतच राहिला.

पार्सल आलं. आत तीन दिवसांचे पेपर आणि मागे ओढून सोडली की पळते ती प्लास्टिकची लाल गाडी. सायलेन्सर एकच. पोरगा खूश झाला, तेवढंच.

फोन लावला तर ब्लॉक. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलो, मग 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार घेतली त्यांनी, पण म्हणाले लगेच कळवलं असतं तर त्याच्या खात्यात पैसे असतानाच अडकवता आले असते. ते दोन दिवस मला साडेअकरा हजारांपेक्षा जास्त लागलेत.

मग रात्री ते फोटो पुन्हा मोठे करून बघितले. एका फोटोत गाडीच्या मागे भिंतीवर सॉकेट आहे, चौकोनी भोकांचं, इंग्लंड-दुबईकडे असतं तसं. इंदूरच्या घरात कुठून येणार ते? परदेशात अशा गाड्या जमवणाऱ्या कुणाचे तरी फोटो उचललेले.

आता तेच फोटो पुन्हा फिरतायत, यावेळी माणूस नागपूरचा आहे आणि भाव 9,000 झालाय. सॉकेट उजव्या कोपऱ्यात आहे, मागच्या चाकाच्या जरा वर, झूम करून बघा.