'क्रिमिनल जस्टिस': सात महिन्यांत चार हंगाम पाहिल्यानंतर

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मी अनेक वर्षे लघुलेखिका होते, त्यामुळे निवृत्तीनंतर पुन्हा कोर्टाचीच मालिका पाहण्याची मला इच्छा नव्हती. सहकारनगरला राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंच्या आग्रहाने गेल्या आषाढात हॉटस्टारवर 'क्रिमिनल जस्टिस' सुरू केली आणि दर शनिवारी रात्री एक-दोन भाग असे पाहत पौषापर्यंत चारही हंगाम पूर्ण केले.

मूळ मालिका बीबीसीची, २००८ सालची. हिंदी रूपांतराचा पहिला हंगाम २०१९ मध्ये आला. टॅक्सीतून सोडायला गेलेल्या तरुणीच्या खुनाचा आरोप आदित्यवर (विक्रांत मॅसी) येतो, आणि त्या रात्रीचे त्याला नीट काही आठवत नाही. पोलिस ठाण्यांत अशिले शोधत फिरणारा वकील माधव मिश्रा पंकज त्रिपाठी यांनी इतका खरा उभा केला आहे, की काखेत फायली घेऊन आमच्या कोर्टाच्या फाटकाशी उभे राहणारे, प्रत्येक पट्टेवाल्याला नावाने हाक मारणारे कितीतरी चेहरे मला आठवले. मोठमोठे वकील आदित्यला काय करायचे ते सांगतात, माधव मात्र तो काय म्हणतो ते आधी ऐकून घेतो.

माझी तक्रार उलटतपासणीच्या वेगाबद्दल आहे. मालिकेत प्रश्नामागून प्रश्न सुटतात. प्रत्यक्षात साक्षीदाराने उत्तर दिले की न्यायाधीश ते सांगतात, आम्ही टंकतो, आणि तेवढ्या अवधीत साक्षीदार सावरतो. बचाव पक्षाने सुचवलेली गोष्ट त्याने नाकारली, की 'हे म्हणणे खरे नाही की' असे सुरू होणारे वाक्य कागदावर येते. एकेका दिवसात अशी वाक्ये मी पानेच्या पाने टंकली आहेत. शेवटी साक्ष वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. त्या मधल्या शांततेचा उपयोग करून पुढचा प्रश्न केव्हा टाकायचा, हे मुरलेल्या वकिलाला नेमके कळते. मालिकेने ही शांतता दाखवली असती, तर खटल्यातला ताण कमी न होता वाढलाच असता.

डिसेंबर २०२० मध्ये आलेला दुसरा हंगाम मला चौघांत सर्वांत मोलाचा वाटतो. अनु चंद्राने (कीर्ती कुल्हारी) नामांकित वकील असलेल्या पतीला भोसकले आहे; ती ते नाकारत नाही आणि कारणही सांगत नाही. कारण दाराआडच्या अत्याचाराचे आहे, आणि त्याला कायद्यात बलात्कार म्हणताच येत नाही: भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये पतीला असलेला अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही कायम आहे. अनुचे मौन पाहताना मला साक्षीच्या पिंजऱ्यातली एक बाई आठवली. प्रश्न तीनदा विचारला गेला, ती पदराचे टोक पिळत उभी राहिली, आणि माझ्या कागदावर 'साक्षीदार रडत आहे' एवढेच उतरले. अभिलेखात जे येऊ शकत नाही, ते या हंगामात दिसते. कीर्ती कुल्हारी यांनी ते जवळजवळ शब्दांवाचून दाखवले आहे.

तिसऱ्या हंगामात (२०२२) आरोपी अल्पवयीन आहे. श्वेता बसू प्रसाद यांची सरकारी वकील माधवच्या तोडीची असल्यामुळे न्यायालयातले प्रसंग रंगतात. मधले दोन-तीन भाग मात्र रेंगाळतात. २०२५ च्या चौथ्या हंगामात डॉक्टरच्या घरातले नातेसंबंध चांगले रेखाटले आहेत, परंतु रहस्य राखण्यासाठी पुरावा पुनःपुन्हा फिरवला जातो आणि त्यात सुरवीन चावला यांच्या कामाला हवा तेवढा वाव मिळत नाही.

माधव आणि रत्ना यांचा संसार जाऊबाईंना फार आवडतो. ज्यांना एकच हंगाम पाहण्याइतका वेळ असेल त्यांनी दुसरा पाहावा. त्यासाठी पहिला पाहिलेला असण्याची गरज नाही. आम्ही दोघींनी गेल्या शनिवारपासून तोच पुन्हा लावला आहे, आणि या वेळी अनु बोलत नाही तेव्हा तिचे हात काय करतात, तेवढेच मी पाहते आहे.