लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्विच झकास, सोबतच्या वायरने मात्र घाम काढला

आधीच सांगून टाकतो, स्विच (म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटर वायरने एकमेकांना जोडणारा छोटा डबा) मस्त आहे आणि त्या दुकानात मी परत पाय ठेवणार नाही. आता सविस्तर.

मी लग्नाचे अल्बम डिझाईन करतो, डोंबिवलीत, घरूनच. नवा पीसी आतल्या खोलीत, जुना पीसी हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला, जुन्यात दोन मोठ्या हार्डडिस्क आहेत आणि झालेलं सगळं काम तिथे नेऊन टाकायचं असा कारभार. एका लग्नाचा डेटा म्हणजे ६०-७० जीबी कुठे गेला नाही, इतकी वर्षं तो एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन इकडून काढ तिकडे लाव चालायचं, मग एकदा ती डिस्क हातातून सुटता सुटता वाचली आणि म्हटलं बास, आता दोन्ही मशीन वायरनेच जोडू. वायफायवर करून बघितलं होतं हो, पण मधे दोन भिंती आणि एक फ्रीज, सेकंदाला ४-५ एमबीच्या वर काही सरकेना, म्हणजे एका लग्नाला अख्खी दुपार गेली.

खरं तर फक्त दोनच कॉम्प्युटर असतील तर स्विच लागतच नाही, याच्या लॅन पोर्टातून त्याच्या लॅन पोर्टात सरळ वायर घातली आणि दोघांना हाताने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला की काम होतं (पूर्वी त्यासाठी वेगळी क्रॉस केबल लागायची, आता गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटवाले पोर्ट स्वतःच ओळखून घेतात). पण मला दोन्ही मशीनवर इंटरनेटही वायरनेच हवं होतं, आणि नेटवाल्याने फुकट दिलेल्या राउटरचे मागचे पोर्ट बघितले तर सगळे १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, गिगाबिटच्या एक दशांश. दोन्ही पीसी त्यालाच जोडले असते तर आपसातला स्पीडही १०० वरच अडकला असता. स्विच मधे घातला की दोन पीसींमधला डेटा स्विचमधूनच परस्पर जातो, राउटरपर्यंत जातच नाही, त्यामुळे राउटर कितीही टुकार असला तरी घरातल्या घरात पूर्ण गिगाबिट मिळतो. हे कळायलाच मला आठवडा लागला म्हणून इथे लिहून ठेवतोय.

तर गेलो लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरून ईस्टला बाहेर पडायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा, तोच तुम्हाला विचारेल की लॅमिंग्टन रोड का. शनिवारी जा, रविवारी बरीचशी शटरं खाली असतात. टीपी-लिंकचा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घेतला, हजाराच्या आसपास. आणि त्याच दुकानात पंधरा मीटर कॅट ६ (गिगाबिट पेलणारी नेटवर्कची) वायर रोलमधून कापून दोन्ही बाजूंना प्लग मारून घेतली. शेजारच्या दुकानात मीटरचा भाव जवळजवळ दुप्पट सांगितला होता, म्हणजे इथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पण स्वस्त दिसलं की आपली अक्कल तेवढ्यापुरती सुट्टीवर जाते. मालक म्हणाला प्युअर कॉपर, मी म्हटलं द्या. प्लग मारताना बघत होतो, वायरचं बाहेरचं निळं आवरण प्लगच्या आत जाऊन दाबलं जायला हवं तर याच्या प्लगबाहेर अर्धा इंच रंगीत तारा उघड्या दिसत होत्या. दिसलं, पण बोललो नाही.

घरी येऊन सगळं लावलं, दोन्ही पीसीवर नेट आलं, बायकोला म्हटलं बघ झालं. फाइल कॉपीला टाकली आणि आकडा ११.३ एमबीवर जो चिकटला तो हलेचना. कधी दहा कधी पंधरा असं असतं तर समजलो असतो, पण हा अगदी ठोकून बसवल्यासारखा ११.३. तुमच्याकडे असं दिसलं तर समजून जा, लिंक १०० एमबीपीएसवर पडलीय, कारण आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे साडेबारा एमबी आणि त्यातून थोडं वरच्या खर्चात जातं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला तर तेच, १००/१००. मी सगळा राग स्विचवर काढला, पोर्ट बदलले, ड्रायव्हर टाकला, अख्खी संध्याकाळ घालवली, स्विच परत करायच्या गोष्टी सुरू केल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या केबलवाल्याकडचा पोरगा टेस्टर घेऊन आला. वायरची दोन्ही टोकं त्यात घातली की १ ते ८ दिवे ओळीने लागतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, मग अंधार, मग आठ. सातवी तार म्हणजे पांढरी-तपकिरी, ती प्लगच्या पिनपर्यंत पोचलीच नव्हती. आणि गंमत अशी की १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठच्या आठ. त्यामुळे सातवी मेली तरी नेट व्यवस्थित चालतं, यूट्यूब चालतं, कोणाला पत्ता लागत नाही, दोन्ही बाजू गुपचूप १०० वर तडजोड करून टाकतात.

त्याने प्लग कापला, एक तार ब्लेडने खरवडली आणि माझ्यासमोर धरली. वरून तांबूस, आतून पांढरी चकचकीत. "काका, ही सीसीए आहे, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा." दोन-तीनदा मागेपुढे वाकवली आणि कटकन तुटली. तांब्याची तार अशी सहज तुटत नाही. तरी त्याने नवीन प्लग मारून दिले, आठही दिवे लागले, लिंक १ जीबीपीएस, कॉपीचा आकडा १०८. तोच लग्नाचा डेटा जो ११.३ च्या स्पीडने पावणेदोन तास घेत होता तो अकरा मिनिटांत! आठ दिवस मी राजा होतो. मग साफसफाईला टेबल सरकवलं, मागची वायर दुमडली, पुन्हा ११.३.

दुकानात परत गेलो तर उत्तर काय, "नेट चल रहा है ना? फिर?" पक्कं बिल मागितलं नव्हतं ही माझी चूक, त्यामुळे वाद घालायला हातात कागदच नाही. शेवटी डोंबिवलीतूनच डी-लिंकची तयार पंधरा मीटर केबल घेतली, कॅट ६, दोन्ही बाजूंना कंपनीचेच प्लग. हातात घेतली की वजनातच फरक कळतो. तेव्हापासून टेबल तीनदा सरकलंय, आकडा हलला नाही.

विंडोजचं थोडक्यात सांगतो कारण तिथेही अर्धा दिवस गेला. दोन्हीकडे नेटवर्क प्रायव्हेट करायचं, पब्लिक असेल तर मशीन एकमेकांना दिसत नाहीत. होमग्रुपच्या जुन्या माहितीच्या मागे लागू नका, ते मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच काढून टाकलं. आणि फोल्डर उघडताना युझरनेम-पासवर्ड मागतो तिथे पिन चालत नाही हो! मी वीस वेळा पिन टाकला. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून उघडण्यापुरता, नेटवर्कवरून खरा पासवर्डच लागतो, आणि पासवर्डच नसलेलं खातं असेल तर तेही आत घेत नाही. मी जुन्या पीसीवर शेअरिंगसाठी वेगळा लोकल युझर बनवला, त्याला पासवर्ड दिला, नव्या पीसीवर तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केला आणि विषय मिटला. जुन्या पीसीचं स्लीप बंद करायला विसरू नका, नाहीतर कॉपी करायला जाल आणि साहेब झोपलेले असतील.

स्विचला पाचपैकी पाच. पंखा नाही म्हणून आवाज नाही, गरम होत नाही, तळहाताएवढा डबा टीव्हीमागे लपून जातो, सेटिंग काहीच नाही. केबलवाल्याच्या पोरालाही पाच, चहाशिवाय काही घेतलं नाही त्याने. दुकानाला एक, तोही स्विच खरा निघाला म्हणून. ती पंधरा मीटर वायर सध्या गॅलरीत आहे, बायको त्यावर रुमाल वाळत घालते, टॉवेल नको म्हणून सांगितलंय.