मळकं घर मिळालंय: स्वतः घासायचं, मावशींना सांगायचं की डीप क्लीनिंगवाल्यांना बोलवायचं?

घर बघायला गेलो तेव्हा 'जरा मळकं' वाटलं होतं. टेम्पो खाली लागला, सामान वर आलं, ट्यूब लावली आणि मग कळलं, की ते 'जरा' फक्त अंधारामुळे होतं. ओट्यावर हात ठेवला तर चिकटतोय, नळांवर पांढरे थर, ट्रॉली ओढली की दोन झुरळं तुमच्याआधी आत पळतायत.

पुण्यात नऊ वर्षांत तीन भाड्याची घरं बदलली. पहिलं स्वतः घासलं, दुसरं सोसायटीतल्या दोन मावशींकडून करून घेतलं, तिसऱ्या वेळी कंपनीची माणसं बोलावली. त्यामुळे तिन्ही बाजू माहीत आहेत, आणि तिन्ही वेळा काही ना काही चुकलंही आहे.

पैशांचं आधी उरकतो. स्वतः केलं तर घासण्या, फडकी, हातमोजे, सोडा, फिनेल मिळून सहा-सातशे रुपये आणि दोन शनिवार-रविवार. दोन मावशींचा एक पूर्ण दिवस मला दोन हजारांच्या आत पडला. कंपन्यांनी टू बीएचकेसाठी साडेचार ते सहा हजार सांगितले, आणि घरात सामान आहे म्हटल्यावर आकडा वर गेला. शहर आणि एरिया बदलला की हे बदलणार. पण नुसत्या पैशांवर ठरवू नका. तुमच्या घरात मळ कोणत्या जातीचा आहे, त्यावर ठरवा.

स्वयंपाकघराची चिकटी

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. शेगडीमागच्या टाइल्स, चिमणी, एक्झॉस्टची पाती, वरच्या कपाटांचे माथे. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडून बसतं, उष्णतेने आणि हवेने हळूहळू घट्ट होतं आणि काही महिन्यांत व्हार्निशसारखं होऊन जातं. त्यावर भांड्यांचा साबण कितीही घासा, फक्त खांदा दुखतो. त्याला लागतं गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भिजत पडायला वेळ. धुण्याचा सोडा म्हणजे खायचा सोडा नव्हे. खायचा सोडा बराच सौम्य असतो. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली जवळपास खारट पाणी उरतं.

सोड्याच्या कढत पाण्यात बुडवलेलं जुनं फडकं टाइल्सवर चिकटवून ठेवा, अर्धा तास दुसरं काम करा, मग प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडा. हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमला मात्र हे पाणी लावू नका, काळं पडतं. जाळीवाले चिमणी फिल्टर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचेच असतात.

इथे मी स्वतःच्या बाजूने आहे. या कामाला ताकद कमी, सबुरी जास्त लागते, आणि दुसऱ्याच्या दिवसाला घड्याळ असतं. मावशी तारेची घासणी घेऊन तुटून पडल्या. टाइल्स निघाल्या, पण ट्रॉलीच्या लॅमिनेटवर जे ओरखडे आले ते घर सोडेपर्यंत राहिले. दोष त्यांचा नाही, घासणी मीच आणून दिली होती. कंपनीवाल्यांकडे चिकटी काढायचं चांगलं रसायन होतं, पण तीन माणसं पाच तासांत अख्खं घर संपवणार म्हटल्यावर कपाटांचे माथे तसेच राहिले. खुर्चीवर चढून बघेपर्यंत ते निघूनही गेले होते. चिमणीची मोटर खोलायची असेल तर मात्र हात घालू नका, मेकॅनिक बोलवा.

बाथरूमचा क्षार

वाघोली किंवा तसल्या टँकर-बोअरच्या पाण्याच्या भागात राहत असाल तर हा मळ नाही, दगड आहे. पाण्यातला चुना नळावर, शॉवरवर, काचेवर बसतो आणि तो फक्त आम्लाला दाद देतो. प्रश्न एवढाच, की आम्ल कोणाच्या हातात.

मावशींना 'बाथरूम चकाचक करा' म्हटलं तर त्या हार्डवेअरच्या दुकानातली ॲसिडची बाटली मागवतात. टाइल्स खरंच चमकतात. मग नळाचं क्रोम फिकं पडतं, टाइल्सच्या मधल्या फटी झिजतात, आणि त्या बंद खोलीत तो धूर मावशींच्या छातीत जातो. ती बाटली आणून देऊ नका, एवढंच सांगतो.

किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. मगभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, टिश्यू भिजवून नळाला गुंडाळा, शॉवरला प्लास्टिकच्या पिशवीत तेच पाणी भरून पिशवी बांधा. अर्ध्या-पाऊण तासाने जुन्या टूथब्रशने घासा. जाड थर असेल तर दोन-तीन वेळा. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशी असेल तर तिथे कुठलंच आम्ल नको. तो दगड मुळात चुन्याचाच, क्षाराबरोबर तोही विरघळतो.

आणि ब्लीच टाकलं असेल तिथे टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड अजिबात ओतायचं नाही. क्लोरीन वायू निघतो. 'दोन्ही मिळून जास्त साफ होईल' हा विचार नवीन घरात थकलेल्या रात्री हमखास येतो.

फरशीचा जुना काळेपणा मात्र कंपनीच्या फिरत्या ब्रशच्या मशीनने जसा निघाला तसा हाताने कधीच निघाला नव्हता. दोन बाथरूम आणि ड्राय बाल्कनी एवढ्याचेच वेगळे दर मिळतात का, हे फोनवर विचारा. अनेक ठिकाणी मिळतात.

धूळ, जळमटं, खिडक्या

इथे मावशी. बिनशर्त. पंखे, माळा, जाळ्या, स्लायडिंगच्या चॅनेलमधला चिखल, दारांच्या वरच्या कडा. दोन सवयीचे हात जे एका दिवसात उरकतात त्याला मला तीन दिवस लागले होते, वर शिंका वेगळ्या. फक्त दिवसावर ठरवू नका, कामावर ठरवा: काय काय, किती खोल्या, माळा धरून की सोडून. आणि कोणालाही ग्रिलबाहेर वाकून काचा पुसायला लावू नका. बाहेरून नाही पुसल्या तर नाही पुसल्या.

बाल्कनीत कबुतरांची विष्ठा साचली असेल तर ती कोरडी खरवडायची नाही. तिच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात. आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, मास्क लावा, मग काढा. हे काम ज्याला सांगाल त्यालाही मास्क द्या.

जिथे तिघेही उपयोगाचे नाहीत

छोटी, तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली झुरळं म्हणजे जर्मन झुरळं. ती सफाईने कमी होतात, जात नाहीत. पेस्ट कंट्रोलच लागेल, आणि क्रम महत्त्वाचा: आधी चिकटी काढा, मग झुरळांच्या औषधाचं जेल. उलट केलंत तर जेलचे ठिपके तुम्हीच पुसून टाकाल. जेल लावल्यावर वर स्प्रेही मारू नका, झुरळं जेलकडे फिरकणार नाहीत. अंड्यांच्या कोशात औषध पोचत नाही, त्यामुळे काही दिवसांनी दुसरी फेरी असेल तरच पैसे ठरवा.

भिंतीवर काळी बुरशी असेल तर ती पुसून पावसाळ्यात परत येणार. आत पाणी कुठून मुरतंय ते घरमालकाला शोधायला लावा. त्यावर रंग मारून देतो म्हणाले तर हो म्हणू नका.

मग बोलवायचं कोणाला?

घर अजून रिकामं असेल, दोघंही नोकरीवर जाणारे असाल, तर कंपनी. रिकाम्या घरात त्यांचं काम खरंच वेगळं दिसतं. आधी विचारा: शिडी तुमची का, कपाटं आतून करणार का, माळा धरलाय का, किती माणसं किती तास. आणि सगळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, खुर्चीवर चढून बघा.

खोकी आत येऊन पडली असतील तर कंपनीचे अर्धे पैसे वाया. ती माणसं खोकी हलवत नाहीत, त्यांच्याभोवतीनं पुसतात. तेव्हा मी मावशी आणि स्वतः अशी वाटणी करेन: धूळ त्यांना, चिकटी आणि क्षार आपल्याला. सगळं सामान हॉलच्या मधोमध रचून वर जुनी चादर टाका. पहिल्या रात्री एक बेडरूम आणि एक बाथरूम एवढंच करा. स्वयंपाकघराला हात लावू नका, बाहेरून मागवा.

घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर हे सगळं विसरा. दोन दिवस नातेवाइकांकडे राहा आणि कंपनी बोलवा.

काहीही ठरवा, फडकं ओलं करण्याआधी सगळे दिवे लावून फोटो काढा. ट्रॉली उघडून, सिंक, भिंती, ओट्यावरचे डाग, आणि त्याच रात्री घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. पहिल्या घरात मी आधी दोन दिवस घासलं आणि मग मोबाइल काढला. सोडताना ओट्यावरचा एक जळका डाग माझ्या नावावर लागला. तो माझ्या आधीचा होता, पण डिपॉझिटमधून आठशे रुपये माझे गेले.