बेसबॉलचं शून्य ज्ञान घेऊन वाचलेलं 'लास्ट डेज ऑफ समर'

आधीच सांगून टाकते, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी स्टीव्ह क्लुगरची ही कादंबरी (१९९८ ची आहे, म्हणजे नवीन वगैरे अजिबात नाही) मी दोन रात्रींत संपवली आणि दुसऱ्या रात्री अडीच वाजता नाक पुसत बसले होते, नवरा उठून विचारतोय काय झालं, आता त्याला काय सांगणार की १९४२ सालची पत्रं वाचतेय म्हणून.

तर गोष्ट अशी. १९४० च्या आसपासचं ब्रुकलिन. जोई मार्गोलिस, बारा वर्षांचा ज्यू पोरगा, हुशार, आगाऊ आणि एक नंबरचा थापाड्या. बाप दुसरं लग्न करून मोकळा झालाय, घरात आई आणि कॅरी आँटी, आणि गल्लीत मार ठरलेला. मग हा पठ्ठ्या न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल टीममधल्या चार्ली बँक्सला पत्र टाकतो की मला असाध्य रोग झालाय, माझ्यासाठी एक होम रन मार. साफ थाप! म्हणजे गल्लीतल्या पोरांना दाखवता येईल ना की एवढा मोठा खेळाडू आपला दोस्त आहे. आणि ब्रुकलिन म्हणजे जायंट्सची कट्टर वैरी टीम डॉजर्सचा बालेकिल्ला, तिथे राहून जायंट्सवाल्याला पत्र, म्हणजे मुंबईत राहून चेन्नईची पिवळी जर्सी घालून फिरण्यातला प्रकार.

चार्ली काही फसत नाही, उलट भडकतो. त्याचं इंग्रजी अशुद्ध, तोंड फटकळ, आणि या कार्ट्याला काही करून गप्प करायचं एवढाच त्याचा सुरुवातीचा हेतू. पण गंमत बघा, तो उत्तर देतो. शिव्या घालत का होईना, देतो. मला या पुस्तकात सगळ्यात जास्त काय भिडलं तर हेच, सख्ख्या बापाला पोराकडे बघायला वेळ नाही आणि हा परका माणूस वेळ काढून त्याच्यावर चिडतोय. पुढे बार मिट्झ्वाचा (ज्यू मुलांची मुंज म्हणा ना) प्रसंग आहे, त्यात बापाची जागा कोण घेतं ते तुम्ही ओळखलंच असेल, तरी तो भाग वाचताना मी आधी खो खो हसले आणि मग गप्पच बसले.

आख्खं पुस्तक पत्रं, तारा, पेपरची कात्रणं, प्रगतीपुस्तकं, मॅचचे स्कोअर आणि डॉक्टरांबरोबरच्या बोलण्याच्या नोंदी यांचं आहे. हो, डॉक्टरांच्या, कारण पोरगं एका उचापतीपायी थेट बालसुधारगृहात पोचतं. निवेदक असा नाहीच, त्यामुळे जोईला दुःख झालंय हे कुणी सांगत बसत नाही, त्याच्या थापा जितक्या मोठ्या होत जातात तितकं ते आपल्यालाच कळतं.

चार्ली काल्पनिक, पण आजूबाजूचा काळ खरा. १९४१ म्हणजे बेसबॉलवाल्यांसाठी सोन्याचं वर्ष, जो डिमॅजिओ या खेळाडूने सलग ५६ मॅचेसमध्ये हिट मारली (म्हणजे चेंडू टोलवून निदान पहिला बेस गाठला), तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही, आणि डिसेंबरात जपानचा पर्ल हार्बरवर हल्ला. इथून पुस्तकाचा रंगच बदलतो. जोईचा जिवलग मित्र क्रेग नाकामुरा जपानी वंशाचा, त्याच्या घरच्यांवर सरकारी नजरकैदेच्या कॅम्पात जायची वेळ येते. हे वाचून मी जरा शोधाशोध केली तर एक गोष्ट सापडली जी डोक्यातून जाईना. १५ जानेवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी बेसबॉलच्या कमिशनरना पत्र लिहिलं की युद्ध असलं तरी खेळ चालू राहू दे, लोकांना विरंगुळा हवा. आणि बरोबर पाच आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, याच माणसाने त्या हुकुमावर सही केली ज्यामुळे जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक घरंदारं सोडून कॅम्पात गेले, त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकनच. आणि त्या काटेरी कुंपणात त्यांनी काय केलं तर बेसबॉलच्या टीम काढल्या! जोई या रूझवेल्टसाहेबांनाही सल्ले देणारी पत्रं पाठवत असतो, ती आधी नुसती विनोदी वाटली होती, हे कळल्यावर परत जाऊन वाचली तर वेगळीच लागली.

आता खटकलेलं. बारा वर्षांचं पोर इतकं चटपटीत बोलेल का? नाही बोलणार. कधी कधी लेखकच त्याच्या तोंडून टाळ्या घेतोय असं वाटतं. चार्लीची मैत्रीण हेझल, गायिका आहे, ती जरा जास्तच समजूतदार दाखवलीय, तिला एखादा दुर्गुण द्यायला हवा होता. आणि शेवटाकडे लेखक रडवायच्या तयारीने बसलाय हे दिसत असतं, दिसूनही मी रडले हा माझा दोष. अजून एक, तेव्हा या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता, जॅकी रॉबिन्सन आला १९४७ मध्ये, हे डोक्यात ठेवून वाचलं तर जोईच्या हिरोंचं जग किती छोटं होतं ते लक्षात येतं.

बाकी स्कोअरची पानं सरळ उलटली तरी चालतं, मी तेच केलं. फक्त फोनवर वाचू नका, कात्रणं आणि प्रगतीपुस्तकं झूम करकरून डोळे जातात. छापील जुनी कॉपी मिळाली तर घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक हेझलपायी कापला.

माझी कॉपी सध्या भाच्याकडे आहे, नववीत आहे, क्रिकेट सोडून काही वाचत नाही. परवा त्याचा मेसेज आला, "मावशी, होम रन म्हणजे सिक्सरच ना?" म्हटलं हो रे, साधारण तसंच, पुढे वाच.