केबल किती करंट पेलेल: तक्ता पाहावा की गणित मांडावं?

१३२ केव्हीवर तीन फेजमधून १०० मेगावॉट न्यायचे आहेत, पॉवर फॅक्टर ०.९. शक्तीला √३, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर यांच्या गुणाकाराने भागलं की सुमारे ४८६ अँपिअर येतात. इथवर वाद नाही. पुरलेली केबल एवढा करंट मर्यादेबाहेर न तापता कायम वाहील का, हे ठरवायला मात्र दोन वाटा आहेत.

उत्पादकाच्या तक्त्याची वाट जवळची. कंडक्टरच्या आकारासमोरचा आकडा घ्यायचा आणि डीरेटिंगचे, म्हणजे परिस्थितीप्रमाणे क्षमता कमी धरण्याचे, गुणक लावायचे. समजा तक्ता २० अंश जमिनीसाठी आहे आणि तुमची जमीन ३० अंशांची. एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीन) इन्सुलेशनची मर्यादा ९० अंश, म्हणजे तापायला ७० ऐवजी ६० अंशच उरले. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून गुणक ६०/७० चं वर्गमूळ, सुमारे ०.९३. एकच सर्किट आणि ओळखीची माती असेल, तर एवढं पुरे.

दुसरी वाट आयईसी ६०२८७ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या गणिताची. ते किचकट आहे, पण तक्ता जे गृहीत धरतो ते इथे तुम्हाला स्वतः भरावं लागतं. मातीचंच घ्या. ओलसर मातीचा औष्णिक रोध (उष्णता वाहायला होणारा अडथळा) १ केल्विन-मीटर प्रति वॉटच्या आसपास असतो, कोरड्या वाळूत तो २.५ पर्यंत जातो. आणि केबलची उष्णताच भोवतालची माती सुकवत असते! शीथचं, म्हणजे इन्सुलेशनवरच्या धातूच्या आवरणाचंही तसंच. सिंगल-कोअर केबलचा शीथ दोन्ही टोकांना अर्थ केला की त्यात करंट फिरतो आणि केबलची क्षमता घटते. तक्त्यातला आकडा कोणत्या अर्थिंगसाठी आहे, हे बारीक अक्षरातल्या तळटीपेत असतं आणि ती फारसं कुणी वाचत नाही.

चार्जिंग करंट, म्हणजे केबलच्या स्वतःच्या धारितेमुळे (कपॅसिटन्स) वाहणारा करंट, दोन्ही वाटांना आपणच मागणीत धरायचा. धारिता किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड असेल तर १३२ केव्ही, ५० हर्ट्झला किलोमीटरमागे ४.८ अँपिअर, ४० किलोमीटरला १९० च्या वर. तो लोडमध्ये सरळ मिळवू नका, दोघांच्या फेज वेगळ्या असतात.

माझ्या मते आकार निवडायला तक्ता वापरावा. एकाच चरात दोन-तीन सर्किट असतील किंवा हिशेब काठावर येत असेल, तर गणिताला पर्याय नाही. लोड दिवसभर चढत-उतरत असेल तर ६०२८७ चं उत्तर गरजेपेक्षा कडक येतं, कारण ते अखंड पूर्ण लोड धरतं. तिथे आयईसी ६०८५३ ची चक्रीय लोडची पद्धत लावली, की त्याच केबलमधून जास्त करंट नेता येतो.