पन्नास हजारांच्या आत पहिली रोड बाईक: नाशिकच्या नवख्या ट्रायथलीटने काय पाहून घ्यावी

नाशिकमध्ये सायकलबद्दल सल्ल्याला तोटा नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, ते याच शहरातले. पण इथला बराचसा सल्ला लांब पल्ला मारणाऱ्यांचा असतो, आणि ट्रायथलीटची गरज वेगळी आहे. पोहणं, सायकल आणि धावणं हे त्याचं एकामागोमाग असतं, म्हणजे त्याला सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचं असतं. स्प्रिंट या छोट्या ट्रायथलॉनमध्ये २० किमी सायकलनंतर ५ किमी, ऑलिम्पिक अंतरात ४० किमीनंतर १० किमी. त्यामुळे पहिल्या सायकलची परीक्षा एकच: तिच्यावर पाय राखून चालवता येतं का? वजन, कार्बन, हवा कापणारी एअरो फ्रेम हे सगळं नंतर.

बाजारात या बजेटमध्ये ढोबळ तीन थर दिसतात. सर्वात खाली सात गिअरवाल्या, शिमानो कंपनीच्या टूर्नी गिअरसंचाच्या. मध्ये त्याच कंपनीचा क्लॅरिस संच, मागे आठ गिअर. वर सोरा, मागे नऊ. ती मात्र नवी घ्यायची तर बहुधा पन्नास हजारांच्या पलीकडे जाते. आमचा कौल स्पष्ट आहे: नवी घेणार असाल तर क्लॅरिसच्या खाली उतरू नका.

कारण गिअरच्या गणितात आहे. ७०० × २५ चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. डेकॅथलॉनच्या ट्रायबन आरसी १०० सारख्या सायकलला पुढे एकच चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक, असते. समजा पुढे ४४ दाते आणि मागे २८, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे राखायचे तर वेग ताशी १२ किमीच्या आसपास हवा. कसारा घाटात नवख्याला तो टिकत नाही. मग फेरे ४०-४५ वर येतात, प्रत्येक फेरा जोर लावून ओढावा लागतो आणि मांड्या भरून येतात. क्लॅरिसवर सहसा असतात तशा पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग आणि मागे ११ ते ३२ दात्यांचे गिअर असले, तर ३४ × ३२ वर तेच ६० फेरे ताशी ८ किमीला जमतात. गंगापूर रोडने गिरणाऱ्यापर्यंतच्या चढउतारांवर हा फरक फारसा जाणवत नाही. घाटात तो लगेच कळतो.

सात गिअरच्या स्वस्त सायकलींमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते. बऱ्याच जणींच्या मागच्या चाकावर कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला गिअरचक्रांचा संच) नसून आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आत राहतं आणि अॅक्सलचा तेवढा तुकडा आधाराविना पडतो. खड्ड्यात आदळून आदळून तो वाकतो, कधी तुटतोही. शिवाय नंतर कधी गिअर वाढवायचे तर अख्खं मागचं चाकच बदलावं लागतं. दुकानात सरळ विचारा, "कॅसेट आहे की फ्रीव्हील?" उत्तर गोलमोल आलं तर दुसरी सायकल दाखवायला सांगा.

टूर्नीच्या ए०७० या ब्रेक-गिअर लिव्हरचा दोष हातात धरल्यावरच समजतो. कडक गिअर टाकायचं बटण हूडच्या, म्हणजे लिव्हरवरच्या रबरी मुठीच्या, आतल्या बाजूला, अंगठ्याजवळ असतं. हात खाली ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या वळलेल्या खालच्या भागावर, असताना अंगठा तिथे पोचत नाही. उतारावर वाकून चालवताना गिअर बदलण्यासाठी हात वर न्यावा लागतो, तोही नेमका ब्रेकवरची पकड घट्ट हवी असते तेव्हा. क्लॅरिसमध्ये ब्रेक लिव्हरच्या मागे छोटी पाती आहे. ती दोन्हीकडून बोटात येते. सात आणि आठ गिअरला चेन एकाच प्रकारची लागते, स्वस्त मिळते आणि साध्या दुकानातही सापडते.

ब्रेकचा निर्णय पावसाळ्यावर ठरवा. जून ते सप्टेंबर त्र्यंबक रोड, पहिने या बाजूला चालवणार असाल तर डिस्क बरी. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये ओली रेती रुतते, काळा चिकट लेप तयार होतो आणि रिमची कड झिजत जाते. मेकॅनिकल डिस्कलाही लक्ष लागतंच. स्वस्त कॅलिपरमध्ये (डिस्कला पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) बहुधा बाहेरचं पॅडच हलतं. आतलं झिजलं की स्क्रूने हातानं पुढे आणावं लागतं. ते केलं नाही तर लिव्हर हँडलला टेकायला लागतो, आणि लोक केबलला दोष देत बसतात. पावसात घरातच ट्रेनरवर (सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) चालवणाऱ्यांनी रिम ब्रेकची हलकी सायकल घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या टायरवर घालावेत.

मापाच्या बाबतीत तडजोड नको. "सीट खाली-वर करून बसवून देतो" हे उत्तर मान्य करू नका. सीट वरखाली होते, फ्रेमची लांबी नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. मोजलेलं माप ८० सेंमी असेल तर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ७०.६ सेंमी. ही सुरुवात, पुढे-मागे सेंटिमीटरभर चालतं. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, वर गेली की कंबर डोलते. दोन मापांच्या मध्ये अडकलात आणि नंतर एअरोबार (हँडलवर बसवायचे, कोपरं टेकवून वाकून चालवायचे दांडे) लावायचा विचार असेल, तर लहान माप घ्या. एअरोबारवर कोपरं पुढे जातात, मोठी फ्रेम मग फार ताणते. हँडल मध्यभागी ३१.८ मिमी आणि स्टेमच्या (हँडल पकडणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना गोल आहे ना, तेही पाहा. चपट्या हँडलवर बहुतेक क्लॅम्प बसत नाहीत. ड्राफ्टिंगला (पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवायला) बंदी असलेल्या स्पर्धांतच हे बार कामाचे. आधी हूडवर दोन-तीन महिने नीट चालवा.

टायर २८ मिमी बसत असेल तर तोच घ्या. ७० किलोच्या माणसाला पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय पुरते. ११० भरून हात सुन्न करून घेऊ नका. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा असतात, आतल्या रस्त्यांवर सराटे आणि बाभळीचे काटे. तार टायरमध्ये अडकून राहते आणि नवी ट्यूबही फोडते, म्हणून ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने चाचपा, पण हळू. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर रोड बाईकच्या ट्यूबच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला लागत नाही. पितळी अडॅप्टर वॉल्व्हवरच चढवून ठेवा. हेल्मेट, दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, अॅलन की यांचे पाच-सहा हजार आधीच बाजूला काढा.

जुनी सोरा चांगल्या स्थितीत मिळाली, तर ती नव्या क्लॅरिसपेक्षा सरस. चेनच्या बारा जोड्या बरोबर ३०४.८ मिमी भरायला हव्यात. ३०८ च्या आसपास गेल्या असतील तर चेनबरोबर कॅसेटचाही खर्च धरा. रिमच्या कडेवर खोलगट चर आणि हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या हँडलखालच्या नळीच्या) जोडाजवळ रंगाला तडा दिसला, तर सौदा सोडा.

नवी सायकल घेताना त्याच मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग (डिरेलर) फ्रेमला जोडणारा तुकडा, जादा मागून घ्या. उजवीकडे पडली की आधी तोच वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्यानं ऐनवेळी मिळत नाही. पहिल्या २००-३०० किमीत केबल बसते आणि चेन मोठ्या गिअरचक्रावर चढायला कुरकुरते. मागच्या डिरेलरवरचा केबलचा गोल स्क्रू, मागून पाहताना, घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. आवाज थांबेपर्यंत असाच पाव-पाव फेरा, आणि दर वेळी पेडल फिरवून पाहा. डिरेलरची हद्द ठरवणाऱ्या लिमिट स्क्रूला मात्र हात लावू नका. तो चुकला तर चेन थेट स्पोकमध्ये जाते.