नाशिकच्या वायनरीला ठाण्याहून: स्वतःची गाडी की वंदे भारत?

जायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये, द्राक्षतोडणीच्या हंगामात. पावसाळ्यात बागा हिरव्यागार असतात, पण फळछाटणीच सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, त्यामुळे वेलीवर घड नसतात. कुठे जायचं ते बहुतेकांचं ठरलेलं असतं: गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा. घोडं अडतं ते कसं जायचं यावर.

गाडीची बाजू आता भक्कम झाली आहे. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणं टळली. सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा किंवा कावनईची व्हॅलोने बघायची असेल, तर गाडीच न्या. मात्र आमणे भिवंडीच्या पलीकडे आहे. माजिवड्याहून तिथवर खारेगाव, माणकोली, रांजणोली पार करावंच लागतं आणि बोगद्यात वाचलेला वेळ कंटेनरच्या रांगेत परत जातो.

कोंडी एक वेळ सोसता येते. चालवणाऱ्याने प्यायचं की नाही, हा प्रश्न मात्र सुटत नाही. टेस्टिंगला 30 मिलीचे पाच नमुने धरले तर 150 मिली वाइन, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम अल्कोहोल. 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात एवढ्याने 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास पातळी जाऊ शकते, आणि कायद्याची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. वजन कमी किंवा पोट रिकामं असेल, तर ती ओलांडलीच समजा. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे चौघांतल्या एकाने नुसता वास घ्यायचा. चाखून थुंकायची पद्धत आहे खरी, पण पैसे मोजून थुंकणारा मराठी माणूस विरळाच!

शिर्डी वंदे भारत ठाण्याला सातच्या आत येते आणि नऊच्या सुमारास नाशिक रोडला सोडते. मंगळवारी ती नसते. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणं गाठावं. खरी अडचण पुढे आहे. स्टेशनपासून बागा साधारण 20 किलोमीटर लांब, आणि संध्याकाळी तिथून ॲपवर टॅक्सी मिळेलच असं नाही. नाशिक रोडहून चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवा. परतीची वंदे भारत संध्याकाळी साडेसातच्या आसपास नाशिक रोडला येते. द्वारका चौकाची गर्दी लक्षात घेऊन साडेपाचला निघा. यात धरणावरचा सूर्यास्त हुकतो, हे मान्य. तोच हवा असेल तर मुक्काम करा. मग गाडी आणि रेल्वे यांत फारसा फरक उरत नाही.

बाटल्या आणता येतात म्हणून गाडी, हेही फार पटत नाही. मार्चच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन तापते, बूच वर सरकतं. आणि नेहमीची लेबलं ठाण्यातही मिळतात.

एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर माझा कल रेल्वेकडे. शनिवार-रविवारी आधी परतीचं तिकीट मिळतंय का बघा, मगच टेस्टिंगची वेळ ठरवा.